दोन पेरं

आमच्या बुलेटच्या डबल स्टँडचे पाय झिजले होते. वडिलांनी ती गाडी पोलीस खात्याच्या लिलावातून घेतली होती. त्याआधी किती फौजदारांनी तिला टाचेच्या दणक्यानं स्टँडवर चढवलं असेल, कोण जाणे. पाय झिजल्यामुळं व्हायचं असं की गाडी स्टँडला लावली तरी मागचं चाक जमिनीवर टेकलेलंच राहायचं. गाडी उभी करायला तेवढं चालतं, चाक काढायला चालत नाही.

१९८८ चा मे महिना होता. बारावीचा निकाल लागायचा होता, वडील एका लग्नाला सांगलीकडे गेले होते आणि मागच्या चाकाची हवा गेली होती. मी ठरवलं, वडील यायच्या आत चाक काढायचं, पंक्चर काढून आणायचं, परत बसवायचं आणि काही झालंच नाही अशी गाडी उभी करून ठेवायची. सतरा वर्षांच्या पोराला शाबासकीची हाव किती असते, हे ज्याला मुलगा आहे त्याला सांगायला नको.

आमचं घर मंगळवार पेठेत. पुढं फरसबंद अंगण आणि अंगणाच्या भिंतीला लागून असलेल्या बोळात मेस्त्रींचं गॅरेज. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक निहाई, एक लाकडी पेटी आणि दोन शिकाऊ पोरं. कोल्हापुरात मिस्त्री म्हणत नाहीत, मेस्त्री म्हणतात. आमच्या गावात तो शब्द पदवीसारखा नावामागं लागतो. आमच्या मेस्त्रींना तर नाव होतं हेच मी विसरलो होतो. ते उद्यमनगरात फिटर होते. पुढं स्वतःची शेड टाकली. त्याआधी, ऐन तारुण्यात, तालमीत होते. मान अजून तशीच, खांद्यात बसलेली.

मी स्टँडच्या दोन पायांखाली दोन विटा घातल्या. चाक चांगलं चार बोटं वर आलं आणि मी स्वतःवर खूश झालो. आता एक्सलचा नट. तो हलेना. मी रिंग पान्यात पाईप घातला आणि सगळ्या अंगाचा भार देऊन ओढायला लागलो. गाडी कुरकुरली. मी पुन्हा ओढलं. तो कुरकुरण्याचा आवाज भिंतीपलीकडं गेला असावा, कारण मेस्त्री हातातलं काम टाकून अंगणात आले. मी त्यांना पाहिलंही नाही. मला ऐकू आला तो विटेचा आवाज. वीट फुटताना मोठा आवाज होत नाही. भाजलेला पापड मुठीत चुरावा तेवढाच होतो.

बुलेट माझ्या बाजूला, डावीकडं आली. मी काय केलं असेल? जे कुणीही करेल तेच. हात पुढं करून ती धरायला गेलो. १६० किलोंपेक्षा जास्त वजनाचं लोखंड, आणि मी तेव्हा ५२ किलोंचा. माझ्या काखेत मागून एक हात आला आणि मी अक्षरशः फेकला गेलो, तुळशीच्या कट्ट्यापर्यंत. उठून बघतो तर गाडी आडवी आणि मेस्त्रींचा उजवा हात फूटरेस्टच्या खाली. फूटरेस्ट आणि फरशी यांच्यामध्ये.

ते ओरडले नाहीत. म्हणाले, “पेट्रोलचा कॉक बंद कर आदी.”

तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं, दोन्हींची शेवटची पेरं गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी ती वाचवायचा प्रयत्न केला. आठवड्याभरानं काढावीच लागली. पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. वडील लग्नाहून आले, बोळाच्या तोंडाशी त्यांना मेस्त्री दिसले, हाताला भलंमोठं बँडेज. वडिलांनी विचारलं, “मेस्त्री, हे काय?” मी दारात उभा होतो. पोटात गोळा आलेला.

“चेनीत गेला हात,” मेस्त्री म्हणाले. “एकाची गाडी स्टँडला लावून, इंजिन चालू ठिवून चेन पुशीत हुतो. फडकं गेलं आत आन फडक्यासंगं बोटं. आमचीच चूक, सायेब.”

माझ्याकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. आणि मी काही बोललो नाही.

हे खोटं किती बेमालूम होतं, हे मला नंतर कळलं. गॅरेजमध्ये बोटं जातात ती बहुतेक अशीच. चाक हवेत, गाडी गिअरमध्ये, इंजिन चालू, चेन आपोआप फिरतेय आणि आपण फडकं धरून बसलोय. काम झटपट होतं म्हणून लोक ते करतात. चेन आणि दातेरी चक्राच्या सांध्यात फडक्याचा एक धागा जरी सापडला तरी हात सोडवायला वेळ मिळत नाही. मेस्त्रींनी असलं काम जन्मात केलं नव्हतं. ते चाक हातानं फिरवायचे, फडकं चेनच्या खालच्या पदराला धरायचे, आणि तेही चक्रापासून लांब. पण फिटरची बोटं गेली म्हटल्यावर कुणालाही पटेल असं एकच कारण होतं, आणि ते त्यांनी उचललं.

पंधरा दिवसांनी त्यांनी पोराकरवी निरोप धाडला. रविवारी ये.

मला वाटलं, आता शिव्या. गेलो. त्यांनी माझ्याच बुलेटकडं बोट दाखवलं, म्हणजे बँडेज दाखवलं, आणि म्हणाले, “लाव स्टँडला.”

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. मेस्त्री लोक शिकवत नाहीत. ते करतात आणि तुम्ही बघायचं. वर्ष-दोन वर्षं बघून ज्याला जमेल त्याला जमेल, नाहीतर त्यानं पंक्चरचं दुकान काढावं. आमचे मेस्त्रीही तसेच. त्यांच्या शिकाऊ पोरांनी त्यांच्याकडून दिवसात चार वाक्यं ऐकली असतील तर शपथ. पण आता हात चालत नव्हता. करून दाखवायची सोयच उरली नव्हती. त्यामुळं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सगळं शब्दांत सांगावं लागलं, आणि ते शब्द ऐकायला नेमका मी समोर होतो. त्यांच्या पोरांना जे कधी मिळालं नाही ते मला मिळालं, तेही माझ्याच चुकीमुळं. याचा हिशेब कसा मांडायचा हे मला आजही कळलेलं नाही.

मी हँडल धरलं, सीटखालचा दांडा धरला आणि गाडी वर ओढायला लागलो. मान लाल झाली, गाडी जागची हलली नाही.

“का उचलतोस?” मेस्त्री म्हणाले. “तुला उचलायला कुणी सांगितलंय? पायानं स्टँड खाली दाब. नुस्ता टेकव. आता हँडल सरळ धर आन गाडी थोडी हलीव. दोन्ही पाय जमिनीला लागल्यालं कळंल तुला, टक् टक्. दोन टक् याय पायजेत. एकच आला तर थांब.”

दोन टक् आले. गाडी एकदम शांत झाली, बैल खुंट्याला आल्यावर होतो तशी.

“आता त्या पायावर उभा ऱ्हा. सगळा उभा ऱ्हा. हातानं फकस्त वाट दाव.”

मी स्टँडच्या पट्टीवर सगळा भार टाकला आणि ती बुलेट आपली आपण मागं सरकत वर चढली. ५२ किलोंच्या पोराखाली. मला हसू आवरेना. मेस्त्री म्हणाले, तालमीत वस्ताद हेच सांगतात. वजन हातात घेतलेला पैलवान संपला, वजन मांडीखाली घेतलेला उभा राहतो. खासबागेत आपण किती कुस्त्या मारल्या ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारल्यावर म्हणाले, “मारल्या त्यापरास खाल्ल्या जास्त.” नंतर त्यांनी फळीची युक्ती दाखवली: बोटभर जाडीची फळी जमिनीवर ठेवायची, मागचं चाक तिच्यावर घ्यायचं आणि मग स्टँड दाबायचा. गाडीला चढायचं अंतर तेवढंच कमी होतं आणि म्हाताऱ्या माणसालाही जमतं. स्टँडच्या झिजलेल्या पायांना त्यांनी पोराकडून लोखंडी पट्ट्या वेल्ड करून घेतल्या. पैसे घेतले नाहीत. “त्ये तुझ्या बाच्या खात्यावर,” म्हणाले. वडिलांच्या खात्यावर ते कधी चढलं नाही.

पुढं दिवाळीपर्यंत दर रविवारी मी जात राहिलो. दुसऱ्या रविवारी त्यांनी नटाचा विषय काढला. तेवढाच एकदा.

“घट्ट नट जमिनीवर सैल करायचा. गाडी दोन चाकांवर हाय, ब्रेक दाबलाय, तवा काय लावायचा त्यो जोर लाव. पाईप घाल, उडी मार. अर्धा आटा फिरला की सोड. मग उचल. वर गेल्याली गाडी ही पाटावर बसल्याला नवरा, तिला धक्का द्यायचा न्हाई.” परत बसवतानाही तसंच: वर असताना हातानं आवळायचा, खाली आल्यावर पान्यानं.

किती साधं! मी त्या दिवशी एवढा एकच क्रम उलटा केला होता. विटा, झिजलेला स्टँड, फरशीचा उतार, हे सगळं मागाहून आलं. नट आधी सैल केला असता तर विटांनीही कदाचित मला तारलं असतं. कदाचितच. कारण विटेचं त्यांचं म्हणणं वेगळं होतं. वीट भिंतीत असते तेव्हा तिच्यावरचा भार सगळ्या अंगावर सारखा पसरलेला असतो आणि चारी बाजूंनी तिला शेजार असतो. स्टँडचा पाय तिला एका रेषेवर दाबतो, वर डुलतोही. तिथं ती चुरणारच. लाकूड चुरत नाही, आधी दबतं आणि आवाज करतं. माणसाला हात काढायला सवड देतं. म्हणून त्यांच्याकडं बाभळीचे ठोकळे होते. बाभळ म्हणजे बैलगाडीच्या चाकाचं लाकूड, तिला वजनाची सवय. ठोकळा खाली रुंद, वर अरुंद, आणि उभा ठेवायचा नाही, आडवा.

पुढचं चाक काढायचं तर तो ठोकळा इंजिनखाली जायचा. पण कुठंही नाही. तेल सोडायच्या बोल्टवर नाही, सायलेन्सरवर नाही. जिथं कवच जाड आहे तिथं, मध्ये रबराचा तुकडा घालून. कुठलंही चाक काढण्याआधी मेस्त्री मला गाडीपासून चार पावलं मागं उभं करायचे आणि विचारायचे, “हे चाक गेल्यावर गाडी कुणीकडं जाईल?” मी उत्तर दिलं की मगच पाना. पुढचं चाक गेलं की भार मागं जातो, मागचं गेलं की नाक खाली येतं. हे आता शाळकरी पोरही सांगेल, पण हातात पाना असताना ते आठवत नाही. आणि सगळं झालं, ठोकळा लागला, की शेवटी ते सीटला हात घालून गाडी चांगली गदागदा हलवायला लावायचे. मला भीती वाटायची.

“हलीव की! पडायची आसंल तर आत्ता पडू दे. हात खाली घातल्यावर पडण्यापरास बरं.”

एका रविवारी त्यांनी पोती अंथरली आणि माझी बुलेट त्यांच्यावर मुद्दाम आडवी करायला लावली. आत्ताच रंग दिलेली टाकी! पण मेस्त्रींपुढं बोलायची सोय नव्हती. पडलेली गाडी उचलायचं त्यांचं तंत्र मी नंतर कितीतरी जणांना दाखवलंय: हँडल जमिनीकडं पूर्ण वळवायचं, गाडी उजवीकडं पडली असेल तर साईड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, गिअर टाकायचा म्हणजे ती घरंगळणार नाही. मग गाडीकडं पाठ करून सीटला ढुंगण लावून बसायचं, एका हातात हँडलची मूठ, दुसऱ्या हातात मागची चौकट, आणि पाठ ताठ ठेवून बारीक पावलांनी मागं मागं जात उठायचं. बैठक मारल्यासारखं. लोक वाकून, तोंड गाडीकडं करून ओढतात आणि कंबर धरून घरी जातात.

तशीच आडवी पडलेली गाडी दाखवून ते म्हणाले, “पडती गाडी कदी धरू नगंस. सोड. बाजूला हो. गाडीचं पार्ट मिळत्यात.”

एवढंच बोलले आणि बिडी पेटवायला वळले. काडी डाव्या हातानं ओढली. ती तीनदा विझली.

बोटांचा प्रश्न खरा होता तो कार्ब्युरेटरचा. पाना मुठीत धरता येतो, पण मिकार्बचा जेट अंगठा आणि दोन बोटांच्या टोकांनीच धरावा लागतो, आणि मेस्त्रींची नेमकी तीच टोकं गेली होती. रविवारी गिऱ्हाइकांच्या गाड्यांचे जेट मी काढायचो, फुंकायचो, उजेडाकडं धरून भोक बघायचो, परत बसवायचो. ते मागं उभे राहून सांगायचे, “हलक्या हातानं. पितळ हाय ते, नवरी हाय.” मला वाटायचं, मी त्यांची बोटं झालोय, थोडंतरी फेडतोय. दोन शिकाऊ पोरं तिथंच होती आणि त्यांचीही बोटं धडधाकट होती, हे माझ्या ध्यानात यायला वर्षं गेली. दिवाळीपर्यंत मेस्त्रींचा डावा हात तयार झाला आणि एक दिवस त्यांनी माझ्या हातातून जेट काढून घेतला. “आब्यास कर जा,” म्हणाले.

मी विचारलं होतं त्यांना, एकदाच, खोटं का बोललात म्हणून. ते म्हणाले, “तुझ्या बानं गाडी इकली आसती. मग तू शिकला कशावर आसतास?”

मधली वर्षं भराभर गेली. मी बँकेत लागलो. पहिल्या पगारात मेस्त्रींना शर्टाचं कापड आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे मावशींना, लुगडं नेलं. त्यांनी ते घेतलं, आणि निघताना पेटीमागचा बाभळीचा एक ठोकळा माझ्या पिशवीत घातला. फेडायला गेलो आणि आणखी घेऊन आलो. पुढं बदल्या झाल्या. सोलापूर, लातूर, परत कोल्हापूर. सामानाच्या प्रत्येक ट्रकमध्ये तो ठोकळा होता. बायको त्याला दाराला अडकण म्हणून लावते. तिला दोष नाही, दार चांगलं अडतं.

वडील २००३ मध्ये गेले. त्यांना ती गोष्ट मी कधीच सांगितली नाही. सांगायचं ठरवून दोनदा त्यांच्यापुढं बसलो होतो, दोन्ही वेळा त्यांनी दुसराच विषय काढला, आणि मला बरंच वाटलं. मेस्त्री २००९ मध्ये गेले. भेटायला गेलो तेव्हा मावशी म्हणाल्या, “मलाबी त्यांनी चेनच सांगितली हुती. पर तू रविवारचा याय लागलास, तवा म्या वळकलं.” एकवीस वर्षं त्या माझ्या हातावर चहाचा कप ठेवत आल्या होत्या, ओळखून.

आता माझी मुलगी मोटारसायकल चालवते. तिच्या ड्यूकला डबल स्टँडच नाही. तिनं पॅडॉक स्टँड मागवला तेव्हा मी नाक मुरडलं, पण वस्तू चांगली आहे: मागच्या फोर्कच्या दोन्ही बाजूंना रबरी आधार लागतात, दांडा दाबला की चाक वर. तत्त्व मेस्त्रींचंच, भार पायाखाली, हाताला फक्त वाट दाखवायचं काम. फक्त चढवताना गाडी सरळ धरायला दुसरं माणूस लागतं. एकट्यानं करायचं तर साईड स्टँड उघडाच ठेवायचा आणि सरावाशिवाय करायचं नाही. पुढचा ब्रेक मी तिला सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं मुठीला बांधून ठेवायला लावतो, म्हणजे गाडी पुढं घरंगळून स्टँडवरून उतरत नाही. आमच्या पार्किंगमध्ये गुळगुळीत टाईल्स आहेत आणि पाणी जायला उतार काढलेला आहे. बिल्डरला वाटतं तिथं गाड्या फक्त उभ्या राहतात. आम्ही खाली रबराची चटई टाकतो. गाडी वर गेली की मुलगी वैतागून म्हणते, “हलवा, बाबा, हलवा एकदा.” मी हलवतो.

गेल्या पावसाळ्यात तिच्या गाडीचं बेअरिंग बदलायचं होतं म्हणून आम्ही मेस्त्रींच्या नातवाकडं गेलो. बोळातली शेड गेली, आता मोठं गॅरेज आहे, हायड्रॉलिक रॅम्प आहे. आमच्या आधी एका कॉलेजच्या पोराची गाडी पॅडॉक स्टँडवर होती आणि त्यानं इंजिन सुरू करून, पहिला गिअर टाकून चेनवर स्प्रे मारायला घेतला. नातू आतून धावत आला. चावी फिरवून इंजिन बंद केलं.

“ये भावा! हे हितं चालत न्हाई. आमच्या आज्ज्याची दोन बोटं गेल्यात अशीच. चेनीत. आमच्या गॅरेजमध्ये चाक हातानंच फिरवायचं.” भिंतीवर मेस्त्रींचा फोटो होता, हार घातलेला. त्यानं फोटोकडं हात केला. कॉलेजचं पोरगं ओशाळलं. माझ्या मुलीनं माझ्याकडं पाहिलं, कारण तीही एकदा घरी हेच करत होती आणि मी असाच ओरडलो होतो.

त्या फोटोत मेस्त्रींचे हात दिसत नाहीत. छातीपर्यंतचाच फोटो आहे. मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या एका खोट्यामुळं त्या गॅरेजमध्ये इतक्या वर्षांत कुणाचं बोट गेलं नव्हतं. मी खरं सांगितलं असतं तर त्या पोरानं पुन्हा इंजिन सुरू केलं नसतं कशावरून?

आमची गाडी रॅम्पवर गेली. नातवानं बटण दाबलं, गाडी कमरेइतकी वर आली, त्यानं पट्टे आवळले आणि तो पाना घेऊन चाकाजवळ बसला. मी पुढं झालो आणि सीट धरून गाडी दोन्ही बाजूंना जोरात हलवली.

“काका, काय बघताय?”

“पडत्येय का बघतोय.”

तो हसला. “आज्जा बी असंच करायचा,” म्हणाला, आणि मग त्यानं हात आत घातला.